करकंबची फळे आणि विजेवर स्वतः चालणारी वाघीण

पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरील करकंब व त्याच्या आसपासची गावे उजनीचे पाणी आणि विहिरी यांच्या आधारे बागायती झाली, त्यास आता एका पिढीहून अधिक काळ लोटला आहे. द्राक्ष, डाळिंब व केळी ही या भागातील प्रमुख फळे होत. फळ बागेतून निघाले की ते मालमोटारीत चढते आणि मुंबईकडे, न्हावा-शेवा बंदराकडे किंवा दूरच्या बाजारपेठांकडे रवाना होते. कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग येथून दूर नाही. मोडनिंब स्थानकापर्यंत ट्रॅक्टरनेही सहज जाता येते. असे असूनही बागायतदाराचे फळ स्थानकाला वळसा घालून डिझेलवर शेकडो किलोमीटर का जाते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

याचे कारण अंतरात नसून मालाच्या मापात आहे. निर्यातीच्या द्राक्षांचा चाळीस फुटी शीत-कंटेनर भरण्यास सुमारे १३ ते १५ टन फळ लागते. चांगल्या बागेतील दीड-दोन एकरांचे निवडक फळ तेवढे भरते. याउलट भारतीय रेल्वेची पूर्ण कंटेनरगाडी ४५ वाघिणींची असते. ती द्राक्षांनी भरावयाची म्हटल्यास सत्तर-ऐंशी एकरांची काढणी एकाच दिवशी, एकाच स्थानकाजवळ व्हावयास हवी. एवढी द्राक्षे या भागात पिकत नाहीत असे नव्हे. परंतु ती एका दिवशी पिकत नाहीत. छाटणीच्या तारखा वेगळ्या, गोडी उतरण्याचे दिवस वेगळे, व्यापारी वेगळे. रेल्वे गाडीच्या मापाने वाहतूक करते आणि बागायतदाराजवळ माल असतो तो क्रेटच्या मापाने.

या दोन मापांमधील अंतर कमी करणारे एक वाहन आज परदेशात चाचणीच्या अवस्थेत आहे. ते विजेवर चालते, त्यास वेगळे इंजिन लागत नाही व त्यावर चालकही नसतो. एक कंटेनर घेऊन ते रुळांवरून एकटे जाऊ शकते. सोलापूर जिल्ह्यातील फळबागायतदारास त्याचा उपयोग होईल काय, आणि होणार असेल तर कोणत्या अटींवर, याचे विवेचन पुढे केले आहे.

लहान मालासाठी बांधलेली रेल्वे

थोड्या मालाला परवडणारी रेल्वे ही कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास पोहोचली, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस. तिच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट होते. एका बाजूने पंढरीचे वारकरी व दुसऱ्या बाजूने बार्शीच्या बाजारपेठेतील कापूस अशा दुहेरी वाहतुकीवर ती चालली. १९५४ च्या १ जानेवारीस ती सरकारने विकत घेतली.

कॅलथ्रॉपच्या योजनेतील मुख्य मुद्दा अडीच फुटांचा नसून भाराचा होता. गाडीच्या कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, मग तो आस इंजिनाचा असो वा वाघिणीचा, असा नियम त्याने घातला. जड इंजिनाखालील रूळ जाड, पूल भक्कम व भराव रुंद असावे लागतात आणि लोहमार्गाचा खर्च त्या एका जड वाहनामुळे वाढतो. भार पुष्कळ चाकांवर सारखा वाटला की हलक्या रुळांवरही काम भागते. आजच्या नव्या वाहनाचे तत्त्व याच्याशी मिळतेजुळते आहे, हे पुढे दिसून येईल.

या रेल्वेची एक मोठी अडचण जुन्या लोकांच्या स्मरणात असेल. कुर्डुवाडीस अरुंदमापी मार्ग संपून रुंदमापी सुरू होई आणि तेथे सर्व माल उतरवून पुन्हा भरावा लागे. प्रत्येक चढ-उतारीत वेळ जाई, मजुरी लागे व नासधूसही होई. या शतकाच्या पहिल्या दशकभरात हा सर्व मार्ग टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाला आणि कुर्डुवाडीची ती चढ-उतार थांबली. पुढे त्यावर विजेच्या ताराही आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड-लातूर रोड हा टप्पा पूर्ण झाल्यावर मध्य रेल्वेचे सर्व रुंदमापी मार्ग विद्युतीकृत झाले. मोडनिंबच्या रुळांवरून आज २५,००० व्होल्टची तार जाते, आणि तिच्याखालून करकंबचे फळ जात नाही.

रुळावर ओढ कमी का लागते

बैलगाडीची लोखंडी धाव काढून रबरी टायर बसविल्यावर तीच बैलजोडी अधिक ओझे ओढू लागली, हा अनुभव ग्रामीण भागात सर्वांना आहे. कच्च्या रस्त्यावर लोखंडी धाव मातीत रुते आणि बैलांची शक्ती रुतलेले चाक बाहेर काढण्यात खर्च होई. रबरी चाक कमी रुतते. परंतु ते स्वतः मात्र दबते. जमिनीस टेकलेला टायरचा भाग प्रत्येक फेऱ्यात चपटा होतो व पुन्हा फुगतो, आणि या दबण्या-फुगण्यात जी शक्ती जाते ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लांब पल्ल्याहून आलेल्या मालमोटारीच्या टायरास हात लावल्यास हे कळून येते.

पोलादी रुळावरील पोलादी चाक जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे सपाट डांबरी रस्त्यावर एक टन ओझे हळू चालते ठेवण्यास साधारण ६ ते १० किलो ओढ लागत असेल, तर रुळावर तेच काम एक ते दोन किलोंमध्ये होते. वेग वाढला की दोहोंसही वाऱ्याचा अडथळा होतो. गाडी लांब असेल तर मागच्या वाघिणींना पुढच्यांचा आडोसा मिळतो.

हा लाभ चढावर मात्र घटतो. शंभरास एक अशा चढावर टनामागे दहा किलो ओढ अधिक लागते, मग चाक पोलादाचे असो वा रबराचे. बोरघाटात चढ सदतीसास एक इतका आहे. म्हणून तेथे गाडीस मागून जादा इंजिने जोडावी लागतात. विजेच्या गाडीस एक सोय असते ती अशी की, उतारावर मोटर उलटे काम करून वीज निर्माण करते व ती तारेत किंवा बॅटरीत परत जाते. सोलापूर जिल्ह्यातून बंदराकडे जाणारा भरलेला माल घाट उतरतो आणि रिकामे डबे घाट चढतात, ही गोष्ट या दृष्टीने सोयीची आहे.

नव्या वाहनाची रचना

अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे २०२० मध्ये स्थापन झालेली पॅरलल सिस्टिम्स ही कंपनी असे वाहन बनवीत आहे. त्याचे दोन बुटके भाग असतात. प्रत्येक भागास स्वतःची चाके, मोटर व बॅटरी असते. कंटेनरचे एक टोक एका भागावर व दुसरे टोक दुसऱ्यावर टेकते. मधली जागा कंटेनर स्वतःच भरून काढतो, वाघिणीची लांब चौकट लागत नाही. ओढणारे इंजिन वेगळे नसल्याने एका जागी मोठा भार पडत नाही. कॅलथ्रॉपचा पाच टनांचा नियम येथे नव्या वेषात आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मार्गात अनेक वाहने असतील तर ती एकमेकांस टेकून तांडा करतात व पुढे फाटा आला की आपापल्या दिशेस सुटतात. पुढील रुळावर अडथळा आहे काय, हे कॅमेरे व इतर संवेदक पाहतात; कोणते वाहन कोठे जावे, हे नियंत्रण केंद्र ठरविते. एका भारणीत सुमारे ८०० किलोमीटर अंतर कापता येईल आणि बॅटरी तासाभरात भरता येईल, असे कंपनी सांगते. हा निर्मात्याचा दावा आहे आणि तो तसाच समजावा. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या रेल्वे प्रशासनाने जॉर्जिया राज्यातील दोन छोट्या मालवाहू लोहमार्गांवर या वाहनांची चाचणी घेण्यास परवानगी दिली.

चालकविरहित गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असा समज मात्र होऊ देऊ नये. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात रिओ टिंटो कंपनीच्या लोहखनिजाच्या गाड्या चालकाविना धावतात. जुलै २०१८ मध्ये अशा पहिल्या गाडीने सुमारे २८,००० टन खनिज २८० किलोमीटरांवरील केप लॅम्बर्ट बंदरास पोहोचविले. तिच्यावर देखरेख दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातून होत होती. त्या गाड्यांची इंजिने डिझेलची आहेत. उलटपक्षी कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या विजेच्या मालगाडीवर चालक असतो आणि तरीही ती पिलबाराच्या गाडीहून कमी धूर करते. धूर कमी होतो तो पोलादी चाकामुळे व विजेमुळे. चालक नसण्याचा लाभ वेगळा आहे: गाडी लहान असूनही ती परवडते. चालकाचे वेतन ४५ वाघिणींवर वाटले तर ते जाणवत नाही, एका वाघिणीवर पडले तर भाडे आवाक्याबाहेर जाते.

वीजही सर्वस्वी निर्धूर नाही, हे येथे सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशातील बरीच वीज कोळशापासून होते आणि एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. तरीही ढोबळ हिशेब करून पाहावा. मोडनिंब ते न्हावा-शेवा हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर धरले आणि कंटेनर घेतलेली मालमोटार लिटरमागे साडेतीन किलोमीटर जाते असे मानले, तर १०० लिटर डिझेल जळते. लिटरमागे २.६८ किलो या प्रमाणाने २६८ किलो कर्बवायू होतो. तोच कंटेनर वाहनासह ३५ टन धरून रुळावरून नेला, टनामागे वाऱ्यासह अडीच किलो ओढ धरली, तर चाकांशी ८३ युनिटे लागतात. थांबणे, चढणे व विजेचा मार्गातील क्षय यांसाठी ती जवळजवळ दुप्पट, म्हणजे १६० धरली तरी कर्बवायू सुमारे ११० किलो होतो. मालमोटारीच्या तुलनेत हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, आणि सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तसे ते आणखी उतरेल. फळ थंड ठेवण्यास लागणारी वीज यात धरलेली नाही. ती दोन्हीकडे लागतेच.

किसान रेलचा अनुभव

लहान माल रेल्वेने पाठविण्याचा एक मोठा प्रयोग याच भागात होऊन गेला आहे. पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर मार्गावर निघाली. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे, दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, रवाना झाली. मालाच्या किमान वजनाची अट तिला नव्हती. कोणी तीन किलो डाळिंबाचे पार्सल पाठविल्याचा उल्लेख त्या दिवशीच्या समारंभात पंतप्रधानांनी केला होता. फळे व भाजीपाला यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत केंद्र सरकार देत असे. पुढे अन्नप्रक्रिया मंत्रालयाची ती सवलत थांबली आणि गाड्याही कमी होत गेल्या.

या अनुभवावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. बागायतदाराला रेल्वेचे वावडे नाही. गाडी दारी आली, भाडे परवडले आणि वेळ पाळली गेली की तो माल घेऊन स्थानकावर येतो. दुसरी गोष्ट अशी की, संपूर्ण गाडी चालविण्याचा खर्च थोड्या मालावर पडू लागला की सवलतीवाचून ती टिकत नाही. सवलत कायमची मागत राहण्यापेक्षा गाडीचे माप लहान करणे हा उपाय अधिक टिकाऊ ठरेल.

एका वाघिणीत एकच फळ

फळांच्या दृष्टीने लहान मापाचा आणखी एक लाभ आहे व तो सर्वांत महत्त्वाचा मानावयास हवा. द्राक्षे शून्य ते एक अंश सेल्सियस तापमानात चांगली टिकतात. डाळिंबास पाच ते सात अंश लागतात. याहून थंडीत साल व दाणे बिघडतात. केळी तर तेरा-चौदा अंशांखाली नेलीच जाऊ नयेत. द्राक्षांच्या थंडीत ठेवलेली केळी काळी पडतात व पुढे नीट पिकत नाहीत. शिवाय द्राक्षांच्या पेटीत बुरशी रोखण्यासाठी गंधकाचा वायू सोडणारे कागद घालतात आणि तो वायू इतर फळांस बाधतो. पिकू लागलेल्या फळातून निघणारा इथिलीन वायू कच्च्या केळीस वाटेतच पिकवितो. ही तिन्ही फळे एकाच डब्यात घातली तर कोणते तापमान ठेवावे, याचे उत्तर कोणाजवळच नाही. मिश्र मालाच्या गाडीत फळाचे जे नुकसान होते, त्याचा दोष पुष्कळदा उशिरास दिला जातो. खरा दोष सोबतीचा असतो.

प्रत्येक वाघीण स्वतंत्र असली की प्रत्येकीचे तापमान स्वतंत्र ठेवता येते आणि तिच्यातील बॅटरीवर शीतयंत्र चालविण्याची सोय करणेही शक्य आहे. करकंबची द्राक्षे बंदराकडे, डाळिंबे उत्तरेकडे आणि करमाळा भागातील केळी तिसरीकडे, अशा वाघिणी कुर्डुवाडीपर्यंत एकत्र येऊन तेथून वेगळ्या होऊ शकतील.

अडचणी

कुर्डुवाडी-मिरज हा मार्ग एकेरी आहे. सिग्नलच्या प्रचलित पद्धतीत दोन स्थानकांमधील एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडता येते, मग ती ४५ वाघिणींची असो वा एका वाघिणीची. एकटी वाघीण सुटली तर ती पूर्ण गाडीइतकाच मार्ग अडविते. आषाढी व कार्तिकीस जादा प्रवासी गाड्या सुटतात तेव्हा तिला जागा मिळणार नाही. यास्तव आपल्याकडे सुट्या वाघिणीपेक्षा दहा-पंधरा वाघिणींचा तांडा अधिक व्यवहार्य ठरेल.

पिलबाराच्या मार्गावर प्रवासी गाड्या नाहीत आणि वस्तीही विरळ आहे. येथे रुळांलगत शेते आहेत, गुरे रूळ ओलांडतात, माणसेही ओलांडतात. रुंदमापी मार्गावरील पहारा नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत सर्व काढून टाकण्यात आली ही समाधानाची बाब होय. तथापि पायवाटा राहिल्याच आहेत. भारतीय रेल्वेची ‘कवच’ ही यंत्रणा चालकाची चूक झाल्यास गाडीस आपोआप ब्रेक लावते. ती चालकाची जागा घेत नाही. चालकविरहित मालवाहतुकीस परवानगी मिळण्यापूर्वी अशा यंत्रणेचा अनुभव दीर्घकाळ घ्यावा लागेल, आणि तसे होणेच योग्य.

माथ्यावर तार असताना बॅटरी वाहून नेणे म्हणजे कालव्याच्या काठाने डोक्यावर घागर घेऊन चालण्यासारखे नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. परंतु २५,००० व्होल्टची वीज मोटारीस देण्यापूर्वी ती उतरविणारा जड रोहित्र वाहनावर असावा लागतो आणि एका कंटेनरच्या वाहनास तो परवडत नाही. बॅटरीचे वाहन तार नसलेल्या साईडिंगमध्येही, थेट शीतगृहाच्या धक्क्यापर्यंत, जाऊ शकते. लांब पल्ल्यास मात्र तांडा नेहमीच्या विजेच्या इंजिनास जोडणे अधिक किफायतशीर होईल, असे वाटते.

आज काय करता येईल

हे वाहन आपल्या रुळांवर येण्यास काळ लागेल. ते येईपर्यंत मालाची तयारी थांबविण्याचे कारण नाही, कारण नेहमीच्या कंटेनरगाडीसही तीच तयारी लागते. पहिली गरज एका दिवशी एक कंटेनर भरण्याची आहे. करकंब व शेजारच्या गावांतील पाच-सहा द्राक्ष बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीच्या वेळीच आपसांत तारखा ठरवून घेतल्या, तर काढणीच्या काळात दर दोन-तीन दिवसांनी एका प्रतीचा एक कंटेनर भरणे अवघड नाही. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तेथे हे काम तिच्याकडे द्यावे.

दुसरी गरज पूर्वशीतकरणाची. सकाळी तोडलेली द्राक्षे शक्यतो चार-सहा तासांच्या आत शीतकरण कक्षात जावीत. कंटेनरचे शीतयंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी असते. उन्हात तापलेला माल थंड करण्याचे सामर्थ्य त्यात नसते. ही गोष्ट दरवर्षी सांगावी लागते.

तिसरी गरज जागेची. डिसेंबर २०२१ मध्ये रेल्वेने जाहीर केलेल्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणानुसार रेल्वेच्या किंवा खाजगी जमिनीवर मालाचा तळ उभारण्यास रेल्वेबाहेरील संस्थांनाही अर्ज करता येतो. कंटेनर उचलण्याचे यंत्र, शीत-कंटेनरास वीज देणारी जोडणी आणि पावसात न अडकणारा पोचरस्ता एवढ्या गोष्टी असल्याशिवाय मोडनिंबसारख्या स्थानकावर फळाची चढ-उतार सुरक्षित होणार नाही. मागणी करताना किती कंटेनर, कोणत्या महिन्यात व कोठे, हे आकड्यांनिशी मांडावे लागेल.

ते आकडे आज कोणाजवळ एकत्र नाहीत. यास्तव येत्या हंगामात मालमोटारीने जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमध्ये तापमान नोंदविणारे छोटे यंत्र ठेवावे. तोडणीची वेळ, शीतगृहात शिरण्याची वेळ, गाडी सुटण्याची व बंदरावर पोहोचण्याची वेळ, फळाची जात, वजन आणि दिलेले भाडे एवढ्या नोंदी एका वहीत तारीखवार लिहाव्यात. हंगामाअखेरीस सर्व बागायतदारांच्या वह्या एकत्र करून त्यांची बेरीज करावी आणि ती मागणीच्या अर्जास जोडावी.